टपालखर्च निराळा

आजोबांच्या पेटीत जुन्या मराठी मासिकांचे काही अंक होते. त्यांच्या मलपृष्ठांवर पुस्तकांच्या जाहिराती असत, आणि प्रत्येक जाहिरातीत किमतीच्या पाठोपाठ बारीक टाइपात 'ट. ख. निराळा' असे छापलेले असे. हे ट. ख. निराळा म्हणजे कोणी विपुल लेखन करणारे ग्रंथकार असावेत, असा आमचा लहानपणी दृढ समज होता. कादंबरी असो, पाकशास्त्र असो, ज्ञानेश्वरीची सार्थ आवृत्ती असो, निराळा यांचे नाव तेथे असायचेच! पुढे आजोबांनी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा थोडी निराशाच झाली. पण आज पुण्यापासून इतक्या लांब, सॉल्ट लेकमधल्या सरकारी निवासस्थानात बसून विचार करताना वाटते, की आमचा तो समज अगदीच चुकीचा नव्हता. टपालखर्च हासुद्धा एक ग्रंथकारच आहे. माणसामाणसांतील अंतराची कथा तो लिहितो, आणि ती वाचण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

वस्तूची किंमत वस्तूची असते. टपालखर्च ही अंतराची किंमत. एके काळी पत्रालासुद्धा ती मोजावी लागे. १८५४ पूर्वी कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचे पत्र धाडायला एक रुपया पडे, आणि त्या काळचा रुपया म्हणजे काय हे सांगायला नकोच. १८५४ च्या कायद्याने देशभर एकच दर झाला. अर्ध्या आण्याचे निळे तिकीट चिकटवले की पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर! ती पहिली तिकिटे याच शहरात, सर्वेक्षण खात्याच्या कचेरीत शिळाछापावर छापली गेली. पत्राच्या बाबतीत सरकारने अंतर असे पुसून टाकले. वस्तूच्या बाबतीत मात्र ते अजून पुसले गेलेले नाही, आणि वस्तू लांबट असेल तर मुळीच नाही. आम्हांला हे ज्ञान झाले ते एका पत्र्याच्या नळीमुळे. तिचीच ही हकीकत आहे.

आम्हांला बिलियर्ड्स आणि स्नूकर या खेळांचे जुने साहित्य जमवण्याचा छंद आहे, असे सांगितले की कचेरीतील सहकारी आमच्याकडे संशयाने पाहतात. केंद्र सरकारच्या कारकुनाला हा साहेबी छंद कोठून लागला? त्याचे उत्तर असे, की आमचे आजोबा पुण्यातील एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे खेळाडू नव्हे. टेबलाच्या कापडाला ब्रश मारणारा, त्यावर इस्त्री फिरवणारा, क्यूच्या टोकाला चामड्याची नवी टिप डकवून ती काचकागदाने घोटून देणारा, आणि खेळ चालू असता भिंतीशी उभे राहून गुण पुकारणारा नोकर. लाल चेंडू खिशात गेला की तीन, कॅनन झाला की दोन. हा हिशेब आजोबांनी चाळीस वर्षे केला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, ही गोष्ट ते घरच्या लग्नाची सांगावी तशी सांगत. कलकत्ता हे नाव आम्ही प्रथम ऐकले ते या संदर्भात. काली आणि रसगुल्ला मागाहून आले.

आजोबांना त्या खेळातली एक रीत विशेष प्रिय होती. खेळाडूचा हात अथवा बाही चेंडूला नकळत लागली, तर तो फाउल धरला जातो. पुष्कळदा तो मार्करला दिसत नाही आणि प्रतिस्पर्ध्यालाही दिसत नाही. अशा वेळी खऱ्या खेळाडूने स्वतःच 'फाउल' म्हणून बाजूला व्हायचे असते. आजोबा म्हणत, "गुण काय, कोणीही मोजील. स्वतःचा फाउल स्वतः सांगणारा माणूस दिसला, की मी त्याला मनातल्या मनात शंभर गुण देत असे."

ते निवृत्त झाले तेव्हा क्लबातील मंडळींनी त्यांना एक जुनी क्यू भेट दिली. काळ्या रोगणाची, पत्र्याची, माणसाच्या छातीइतकी उंच अशी नळी. तिला बिजागरीचे झाकण, पितळी कडी, आणि आत अ‍ॅश लाकडाची ती क्यू. आजोबा वारले त्या वर्षी आम्ही बी. ए. च्या शेवटच्या वर्गात होतो. घर लहान होते, नळी दाराआड अडचण करी, आणि खिशात पैसे नसत. एका रविवारी ती आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात नेली आणि चारशे रुपयांना विकून आलो. घरी कोणी रागावले नाही. कोणी रागावले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि तिशी उलटल्यावर आम्ही तसल्या वस्तू शोधू लागलो. क्यू परत मिळणार नाही हे ठाऊक होते. म्हणून तिच्या भोवतालचे किडुकमिडुक जमवू लागलो. चॉक ठेवण्याची पितळी डबी, टिप घोटण्याचे हत्यार, रेस्टचे पितळी डोके, क्यूला जोडायचा लांबवणीचा तुकडा, असे काहीबाही. कोलकात्यात जुन्या वस्तूंच्या लिलावाची परंपरा आहे. रसेल स्ट्रीटवर जावे, वस्तू हाताने चाचपावी, बोली लावावी, आणि मिळाली तर काखोटीस मारून बसने परतावे. तेथे टपालखर्चाचा प्रश्नच येत नाही. परंतु आमच्या छंदातील बराचसा व्यवहार आता मोबाइलच्या पडद्यावर चालतो. विकणारा कोठे तरी एक, घेणारा कोठे तरी दुसरा. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. तेथे एक नवीच रीतभात लागते, आणि ती कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नाही.

अनुभवाने तिची काही कलमे आम्ही जाणली आहेत. विकणाऱ्याने वस्तूची किंमत सांगतानाच पाठवणावळ किती ते सांगावे. सौदा ठरल्यावर ती मागाहून पुढे करणे शोभत नाही. किंमत कमी लावून पाठवणावळीत नफा काढणे, हा तर उघड अप्रामाणिकपणा. घेणाऱ्याने आपला पिनकोड आधीच कळवावा, म्हणजे समोरच्याला अंदाज चुकीचा द्यावा लागत नाही. एकाच माणसाकडून दोन डब्या घ्यायच्या असतील तर त्या एकत्र मागवाव्यात. त्याला दोनदा रांगेत उभे करू नये. मोलाची वस्तू असेल तर विम्याचा खर्च घेणाऱ्याने आपण होऊन उचलावा. इंग्लंडातून काही मागवताना 'किंमत कमी लिहा, भेटवस्तू म्हणून पाठवा' अशी गळ विकणाऱ्यास घालू नये. जकात आपण चुकवायची आणि खोटी सही मात्र त्याने करायची, हा कुठला न्याय? आम्ही तर सरकारचे मीठ खातो. आणि जुन्या क्यूंवर अथवा चॉकच्या डब्यांवर हस्तिदंताचा तुकडा असू शकतो, हे विसरू नये. या खेळाचे चेंडू एके काळी हस्तिदंताचेच असत. त्याला पर्याय शोधता शोधताच अमेरिकेत हायट यांना १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड गवसले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. तेव्हा अशी वस्तू कितीही सुंदर असली तरी ती मागवायची नाही, आणि कोणाला पाठवायलाही सांगायची नाही.

एवढी सारी कलमे आम्हांस तोंडपाठ होती. तरीही आम्ही चुकलो ते कसे, हेच आता सांगायचे आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी जबलपूरच्या एका गृहस्थांनी विकायला काढलेली वस्तू पाहून आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. काळ्या रोगणाची पत्र्याची नळी, बिजागरीचे झाकण, पितळी कडी! झाकण थोडे चेपलेले होते आणि आत क्यू नव्हती. आजोबांचीच ती नव्हे, हे आम्हांस कळत होते. पण तिची सख्खी बहीण म्हणावी अशी ती होती. आणि तीही जबलपूरची! १८७५ मध्ये त्याच गावच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने, म्हणजे पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन नव्हेत, बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकर हा खेळ रचला. गृहस्थ निवृत्त शिक्षक होते आणि मराठी होते. कैक पिढ्या तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ते एक. त्यांच्या लिहिण्यात हिंदीची गोड लकेर होती. वस्तूचे तीन हजार आणि पाठवणावळीचे नऊशे, असे त्यांनी पहिल्याच संदेशात स्वच्छ कळवले.

तीन हजारांविषयी आम्ही चकार शब्द काढला नाही. आमचे मन अडले ते नऊशेंपाशी. नळीचे वजन आम्ही अदमासले : बांधणीसह फार तर पावणेदोन किलो. पावणेदोन किलोस नऊशे रुपये? कारकुनी अंगात भिनलेली, आम्ही कचेरीच्या थाटात लिहिले, "पाठवणावळीचा तपशील कळवल्यास उपकार होतील. सदर रक्कम वजनाच्या मानाने अधिक वाटते." थोड्या वेळाने उत्तर आले, "ठीक आहे, सातशे द्या." तपशील नाही, तक्रार नाही. आम्ही मनात म्हटले, पाहा, दोनशे रुपये जास्तच लावले होते! आणि त्या संध्याकाळी करुणामयीच्या कोपऱ्यावर विजयाच्या आनंदात दोन कप चहा घेतला.

सॉल्ट लेकमध्ये पार्सल येणे हा एक स्वतंत्र विषय आहे. १९६२ नंतर खाऱ्या पाणथळीवर हुगळीतील वाळू टाकून उभारलेले हे नगर टोश्कोविच नावाच्या युगोस्लाव्ह स्थापत्यकाराने आखले. जुन्या गल्ल्यांना असतात तशी नावे येथे नव्हतीच, म्हणून विभागांना अक्षरे दिली. येथील पत्ता म्हणजे बीजगणित : विभागाची दोन अक्षरे, त्यापुढे घराचा आकडा. बाहेरच्या माणसाला ते उलगडत नाही, आणि पार्सलवाला तरुण शेवटी फोन करून एकच प्रश्न विचारतो, "दादा, कतो नंबर ट्यांक?" कारण येथील लोक वाट सांगतात ती पाण्याच्या उंच टाक्यांच्या क्रमांकांवरून. आमची नळी आली तेव्हा आम्ही कचेरीच्या कामाने भुवनेश्वरास गेलो होतो. टाकीचा क्रमांक सौभाग्यवतींनी सांगितला, आणि पहारेकऱ्याने ते लांबलचक प्रकरण खांद्यावरून वर आणून दारापाशी टेकून ठेवले.

परतल्यावर रात्री आम्ही ते उघडले. बाहेर नळवाले वापरतात तो जाड प्लास्टिकचा पाइप होता, चार इंची, दोन्ही टोकांस टोपणे; आत जुन्या चादरीच्या पट्ट्यांत गुंडाळलेली नळी. इतक्या मायेने बांधलेली वस्तू आम्ही आजवर पाहिली नव्हती. चादरीच्या घडीतून दोन कागद खाली पडले. ते आमच्यासाठी ठेवलेले नव्हते. बांधताना चुकून राहिले असावेत. एक हार्डवेअरच्या दुकानाची पावती : पाइप तीनशे वीस, टोपणे साठ. दुसऱ्यावर पेन्सिलीने केलेली बेरीज : पाइप व टोपणे ३८०, रिक्षा १४०. तिच्यापुढे पाठवणावळीची जागा रिकामीच सोडलेली. तो आकडा बाहेरच्या कागदावर होता : सातशे साठ. आणि त्याच्या शेजारी आकारणीचे वजन : साडेचार किलो.

साडेचार? आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. लांबी एकशे पंचावन्न सेंटिमीटर, रुंदी आणि उंची बारा-बारा. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला पाच हजारांनी भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून मोठा असेल तर तोच धरतात. बावीस हजार तीनशे वीस भागिले पाच हजार : चार पूर्णांक सेहेचाळीस शतांश, म्हणजे साडेचार. गाडीत जागा किती अडते त्याची ही आकारणी. वजनाची नव्हे, लांबीची! दिवसभर आकडेमोड करणाऱ्या आम्हांला हे आधी सुचू नये? तीनशे ऐंशी, एकशे चाळीस आणि सातशे साठ मिळून बाराशे ऐंशी. त्यांनी प्रथम मागितले होते नऊशे. म्हणजे तीनशे ऐंशींची झीज त्यांनी आधीच सोसायची ठरवली होती. आम्ही ती पाचशे ऐंशींवर नेली, आणि वर त्यांना नफेखोर समजलो.

सौभाग्यवतींनी कागद पाहिले आणि विचारले, "अहो, त्यांना पोहोचल्याचं कळवलंत का?"

"कळवतो," आम्ही म्हणालो.

पण आम्ही कळवले नाही. नुसते 'मिळाली' असे लिहावे, तर पैशांविषयी मौन पाळल्याचे पाप. पैशांविषयी लिहावे, तर आपण काय समजलो होतो ते कबूल करणे आले. उद्या लिहू, नीट शब्द जुळवून लिहू, असे करता करता दिवस गेले. कचेरीत आम्ही आवक-जावक पाहतो. पोचपावती फाइलला लागली नाही तर शिपायाला दोनदा धाडतो. रजिस्टर्ड टपालाची पोच हातात आल्याखेरीज आम्ही कधी कागद निकाली काढला नाही. आता २०२५ मध्ये ते टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी पोच मागण्याची आमची सवय गेलेली नाही. आणि येथे एक वृद्ध मनुष्य आमच्या पोचेची वाट पाहत होता!

त्याच आठवड्यात आईचे दिवाळीच्या फराळाचे पार्सल आले. चिवडा, चकल्या, अनारसे. डब्यावर डबा, त्यावर कापड शिवलेले. फराळाच्या सामानाहून पाठवणावळ अधिक झाली असणार, हे पार्सल हातात घेताच कळत होते. आईला आम्ही कधी तपशील विचारला नाही. तिने तो सांगितला नाही. आणि मनात आले, की तिलासुद्धा 'पोहोचले' म्हणून आपण होऊन आम्ही कितीदा कळवतो? बहुधा तीच दोन दिवस वाट पाहून फोन करते, "चकल्या मोडल्या नाहीत ना रे?" घरापासून दूर राहणाऱ्या आम्हा लोकांचे हे असेच होते. अंतराचा खर्च नेहमी पलीकडचा माणूस भरतो, आणि पैशांतला भाग त्यात सर्वांत लहान असतो. खरा खर्च म्हणजे ती वस्तू वाटेत असतानाचे, आणि पोहोचूनही कळले नसतानाचे दिवस.

नवव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. जबलपूरचा क्रमांक.

"नमस्कार साहेब. ते पार्सल पोहोचलं का हो? इकडे फिकीर लागून राहिली आहे. मिसेसही रोज विचारतात. हे पाहा, पोहोचलं नसेल तर संकोच करू नका. तुमचे सगळे पैसे मी परत पाठवतो. पाठवणावळसुद्धा."

पाठवणावळसुद्धा! आमच्या घशाशी शब्द अडकला. भिंतीशी ती नळी उभी होती, आणि तिच्या शेजारी, गुण पुकारण्यासाठी उभे राहावे तसे, आजोबा उभे आहेत असा आम्हांला भास झाला. चेंडूला आमची बाही लागली होती. मार्करला दिसले नव्हते, प्रतिस्पर्ध्याला दिसले नव्हते. आम्हीच तेवढे जाणत होतो.

"काका," आम्ही म्हणालो, "पार्सल येऊन बारा दिवस झाले. मी परत येऊनही नऊ दिवस झाले. कळवलं नाही, ही चूक माझी. आणि दुसरी चूक त्याहून मोठी आहे." मग आम्ही सारे सांगितले, पाइपची पावती, साडेचार किलो, करुणामयीच्या कोपऱ्यावरचे ते दोन कप चहासुद्धा. आजोबांची क्यू चारशे रुपयांना विकली, हेही सांगितले. ते का सांगितले, हे आम्हांस अजून कळलेले नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "नळी माझ्या मोठ्या भावाची. मुलांना नको होती, भंगारात द्यायला जीव होईना. कुणी हौसेनं मागितली, म्हणून म्हटलं सातशे तर सातशे." आणि मग हळूच विचारले, "झाकण आणखी चेपलं नाही ना?"

"नाही," आम्ही म्हणालो. "जसंच्या तसं आहे."

फोन ठेवून आम्ही पाचशे ऐंशी रुपये त्यांच्या खात्यावर पाठवले. ते नको म्हणतील, परत करतील, मोठेपणा दाखवतील, आणि आम्हांला आणखी एकदा लाजवतील, अशी धास्ती वाटत होती. तसे काही झाले नाही. ते जुन्या रीतीचे शिक्षक होते. हिशेब पुरा झाला की पुरा झाला. पाच मिनिटांच्या आत त्यांचा संदेश आला. त्यात एकच शब्द होता : "पोहोचले."

आम्ही तो संदेश काढून टाकलेला नाही. नळी आता आमच्या बैठकीत भिंतीशी उभी आहे, रिकामीच. पाहुणे विचारतात, हिच्यात काय आहे? आम्ही सांगतो, काही नाही. मग किती पडली, असा पुढचा प्रश्न येतो, तेव्हा आम्ही म्हणतो : तीन हजार, टपालखर्च निराळा.